६,४८,६४८ : मोठी संख्या हातात आली की काय काय तपासायचं

सहा लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशे अठ्ठेचाळीस. ६४८ दोनदा शेजारी शेजारी लिहिलं की झाली ही संख्या. दिसायला साधी आहे, म्हणूनच निवडली. मोठ्या संख्येची तपासणी कुठून सुरू करायची, कशामागून काय करायचं आणि कुठल्या गुणधर्माला किती भाव द्यायचा, हे या एकाच संख्येवर करून बघू. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर एवढं पुरे. गणित शाळेतल्याच पातळीचं आहे, फक्त चिकाटी हवी.

सुरुवातीलाच एक भेद डोक्यात पक्का ठेवा. संख्येचे काही गुण तिचे स्वतःचे असतात. ती कुठल्याही पद्धतीने लिहा, ते बदलत नाहीत. काही गुण मात्र आपण दहाच्या पायावर (० ते ९ हे दहा अंक वापरून) लिहितो म्हणून दिसतात. इंटरनेटवर 'या संख्येचे पन्नास गुणधर्म' अशा याद्या मिळतात, त्यात दोन्ही प्रकार एकाच टोपलीत असतात आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आधी पहिल्या प्रकारचे गुण काढू, मग अंकांच्या गमतींकडे वळू.

पायरी १ : मूळ अवयव

बाकी सगळं यावर उभं आहे, त्यामुळे इथे घाई नको.

शेवटचे तीन अंक ६४८. त्यांना ८ ने भाग जातो (८ × ८१), म्हणजे पूर्ण संख्येलाही जातो. १६ साठी शेवटचे चार अंक बघायचे: ८६४८ ÷ १६ = ५४०.५. नाही जात. म्हणजे २ हा अवयव बरोबर तीन वेळा आहे.

६,४८,६४८ ÷ ८ = ८१,०८१.

आता अंकांची बेरीज: ८ + १ + ० + ८ + १ = १८. नऊने भाग जातो. ८१,०८१ ÷ ९ = ९००९. इथे बरेच जण पुढच्या अवयवाकडे जातात आणि चुकतात. भागाकारावर तीच कसोटी पुन्हा लावायची असते. ९ + ० + ० + ९ = १८, म्हणजे पुन्हा नऊ. ९००९ ÷ ९ = १००१. आता १ + ० + ० + १ = २, तीनचा विषय संपला. ३ चार वेळा मिळाला.

राहिले १००१, आणि ते ७ × ११ × १३. हा गुणाकार पाठच असू द्या.

तर, ६,४८,६४८ = २ × २ × २ × ३ × ३ × ३ × ३ × ७ × ११ × १३.

१००१ मुळे ७, ११ आणि १३ या तिघांची कसोटी एका झटक्यात होते. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि ते आळीपाळीने वजा-अधिक करा. उत्तराला या तिघांपैकी ज्याने भाग जाईल, त्याने मूळ संख्येलाही जाईल. आपल्या संख्येत ६४८ − ६४८ = ०, म्हणून तिघांनीही जातो. अबकअबक अशा कुठल्याही सहा अंकी संख्येचं हेच होणार.

फक्त आपले स्वल्पविराम इथे फसवतात. आपण लाख-कोटीप्रमाणे पहिल्या तीन अंकांनंतर दोन-दोनवर विराम देतो, ही कसोटी मात्र तीन-तीनवर चालते. २७,४५,७४३ घ्या. विराम पुसा आणि २ | ७४५ | ७४३ असं लिहा. ७४३ − ७४५ + २ = ०. म्हणजे हीसुद्धा १००१ ने विभाज्य, आणि भागाकार २७४३.

पायरी २ : शेजारी

मोठ्या संख्येचा अभ्यास करताना तिच्या आधीची संख्याही फोडून ठेवावी. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढे त्याचा उपयोग होतो. लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये १ सोडून सामाईक विभाजक नसतो, त्या सहमूळ असतात. म्हणून ६,४८,६४७ ला २, ३, ७, ११, १३ पैकी कशानेच भाग जाणार नाही, हे न बघताच लिहून टाकता येतं. शेवटी ७ आहे, म्हणून ५ सुद्धा नाही.

आता खरी मेहनत. कुठपर्यंत भागत बसायचं? वर्गमूळापर्यंत. ८०५ चा वर्ग ६,४८,०२५ आणि ८०६ चा ६,४९,६३६, तेव्हा ८०५ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. अशा मूळ संख्या १३९ आहेत. यातल्या सहा आधीच बाद झाल्या, तेव्हा नशीब वाईट असेल तर १३३ भागाकार, पण बहुतेक वेळा आधीच सुटका होते. १७, १९, २३, २९, ३१ कोरडे जातात आणि ३७ लागतो: ६,४८,६४७ ÷ ३७ = १७,५३१.

एक अवयव मिळाला की मर्यादा लगेच खाली आणा. १७,५३१ चं वर्गमूळ १३२ च्या आसपास, म्हणजे आता ८०५ पर्यंत जायची गरज नाही. ३७ पुन्हा लावून बघा (जात नाही), ४१ ला बाकी २४ उरते, ४३ ला ३०, आणि ४७ ने पूर्ण भाग जातो: १७,५३१ ÷ ४७ = ३७३. आता ३७३ मूळ आहे का, हे वेगळं तपासायला नको. ४७ पेक्षा लहान सगळ्या मूळ संख्या आधीच बाद झाल्या आहेत आणि ३७३ हे ४७ च्या वर्गापेक्षा कितीतरी लहान आहे. ती मूळच आहे.

६,४८,६४७ = ३७ × ४७ × ३७३. वहीत यातल्या ३७ भोवती गोल करून ठेवा.

संख्या दहा-बारा अंकांच्या पुढे गेली की हाताने हे जमत नाही. तिथे पायथॉनसारखी भाषा वापरावी, तिच्यात पूर्णांकाच्या लांबीला ठरलेली मर्यादा नाही. एक्सेलवर मात्र विसंबू नका. ते १५ अंकांपर्यंतच अचूक धरतं आणि पुढच्या अंकांच्या जागी गुपचूप शून्यं भरतं. उत्तर समोर दिसतं आणि ते चुकीचं आहे हे कळतही नाही. मोठ्या संख्येचे अवयव शोधणं किती जड असतं, याचा एक जुना दाखला सांगतो. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या मूळ नाही, हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं, पण तिचे अवयव कुणाला माहीत नव्हते. ते १९०३ साली अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. एखादी संख्या मूळ नाही हे कळणं आणि तिचे अवयव हाती येणं, ही दोन वेगवेगळी कामं आहेत.

पायरी ३ : विभाजक मोजा, त्यांची बेरीज करा

विभाजक एकेक लिहीत बसायचं कारण नाही. प्रत्येक मूळ अवयव जितक्यांदा आला आहे त्यात एक मिळवा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. २ तीनदा, ३ चारदा आणि बाकीचे तीन एकेकदा: ४ × ५ × २ × २ × २ = १६०. साडेसहा लाखांच्या घरातल्या संख्येला १६० विभाजक! शेजारच्या ६,४८,६४७ ला फक्त ८ आहेत. एकाच्या फरकाने स्वभाव इतका बदलतो.

बेरजेसाठी प्रत्येक मूळ संख्येचा वेगळा कंस करा:

(१ + २ + ४ + ८) = १५
(१ + ३ + ९ + २७ + ८१) = १२१
(१ + ७) = ८, (१ + ११) = १२, (१ + १३) = १४

गुणाकार २४,३९,३६०. त्यातून संख्या स्वतः वजा केली की उरतात १७,९०,७१२. स्वतःपेक्षा लहान विभाजकांची बेरीज संख्येएवढी भरली तर ती परिपूर्ण संख्या (६, २८, ४९६), कमी भरली तर न्यून आणि जास्त भरली तर विपुल. आपली संख्या विपुल आहे, आणि तीही जेमतेम नव्हे. बेरीज तिच्या अडीचपटीहूनही जास्त आहे.

तिच्याशी सहमूळ असलेल्या तिच्यापेक्षा लहान संख्या किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या तुकड्याशी सहमूळ असलेल्या, त्याहून लहान संख्या मोजायच्या: ८ साठी ४ (१, ३, ५, ७), ८१ साठी ५४, आणि ७, ११, १३ साठी ६, १०, १२. गुणाकार १,५५,५२०. म्हणजे शंभरातल्या साधारण २४.

पायरी ४ : कुठल्या वर्गात बसते, कुठल्या नाही

पूर्ण वर्ग नाही, कारण २ तीनदा आहे आणि ७, ११, १३ एकेकदा. वर्गात सगळे सम वेळा लागतात. तिला वर्ग बनवायचं तर जे विषम आहेत ते एकदा पुरवा: २ × ७ × ११ × १३ = २००२. ६,४८,६४८ × २००२ हा ३६,०३६ चा वर्ग आहे. पूर्ण घनही नाही, ८६ आणि ८७ यांच्या घनांच्या मध्ये पडते.

दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येईल का? नाही. चारने भागल्यावर बाकी ३ उरते अशा मूळ संख्या (३, ७, ११...) अवयवांत सम वेळा असाव्या लागतात. इथे ३ चार वेळा आहे, ते चाललं असतं, पण ७ एकदाच आहे. तिथेच अडलं.

दोन वर्गीकरणांवर मात्र थोडं थांबू, कारण दोन्हींशी भारतीय नावं जोडलेली आहेत.

पहिलं रामानुजन यांचं. १९१५ साली त्यांनी 'अतिसंयुक्त' संख्यांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिला जास्त विभाजक असतात, ती अतिसंयुक्त. आपले १६० विभाजक इथे पुरत नाहीत. ५,५४,४०० ही आपल्यापेक्षा लहान, पण तिला २१६ आहेत. थोडं पुढे ७,२०,७२० ला २४०. कारण अवयवांत दिसतं: आपल्या संख्येत ५ नाही. ३ चारदा घेण्याऐवजी दोनदा घेतला आणि एक ५ व एक २ जोडला की ७,२०,७२० होते. विभाजक वाढवायचे तर मूळ संख्या गाळून चालत नाही.

दुसरं ए. के. श्रीनिवासन यांचं, १९४८ साली 'करंट सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात आलेलं. त्यांनी ज्यांना 'प्रॅक्टिकल' म्हटलं त्या संख्या अशा, की १ पासून त्या संख्येपर्यंत कुठलीही संख्या तिच्याच वेगवेगळ्या विभाजकांच्या बेरजेने बनवता येते. जुन्या दुकानातल्या वजनांचा संच जसा असतो तसं हे: प्रत्येक वजन एकच, पण हवं ते माप जुळतं. कसोटी सोपी आहे. मूळ अवयव लहानाकडून मोठ्याकडे मांडा. पहिला २ हवा. पुढचा प्रत्येक अवयव, त्याच्या आधीच्या भागाच्या विभाजकांची बेरीज अधिक १, यापेक्षा मोठा नको. ३ ची तुलना १५ + १ शी, ७ ची तुलना १५ × १२१ + १ म्हणजे १८१६ शी. ११ आणि १३ ना तर अडचणच नाही. ६,४८,६४८ या कसोटीत सहज उतरते.

पायरी ५ : आता अंकांचा खेळ

इथून पुढचं सगळं दहाच्या पायावर अवलंबून आहे. आणि या प्रांतात महाराष्ट्रातल्या माणसाला दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना ओलांडून जाता येत नाही. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण आणि आयुष्यभर देवळालीच्या शाळेत मास्तरकी. बाहेरच्या जगाला ते ठळकपणे कळले ते १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिल्यावर.

*हर्षद संख्या.* अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग गेला की हर्षद. हे नाव कापरेकरांचंच. आपली बेरीज ३६. ६,४८,६४८ ÷ ३६ = १८,०१८. भाग जातो. १८,०१८ ची बेरीज १८, आणि १८,०१८ ÷ १८ = १००१, तीही हर्षद. १००१ ची बेरीज २, तिथे साखळी तुटते.

हा गुण संख्येचा की लिहिण्याचा? द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहून बघा: १००१ १११० ०१०१ ११०० १०००. एक हा अंक दहा वेळा आला. दहाने आपल्या संख्येला भाग जात नाही, कारण ५ हा अवयवच नाही. द्विमानात ती हर्षद नाही. आठच्या पायावर ती २३६२७१० होते, बेरीज २१, आणि २१ ने भाग जातो. म्हणजे तिथे पुन्हा हर्षद! अंकांवरचा कुठलाही गुण दिसला की पाया बदलून एकदा असं बघावं, त्याची खरी किंमत कळते.

*स्वयंभू आहे का?* एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या 'जन्मते'. जिला अशी जन्मदात्री नसते ती स्वयंभू. शोध आंधळेपणाने घ्यायचा नाही. आपली संख्या ९ ने विभाज्य आहे, त्यामुळे जन्मदात्रीही ९ ने विभाज्य असणार आणि तिच्या अंकांची बेरीज ९, १८, २७, ३६, ४५, ५४ यांपैकीच एक. सहा वजाबाक्या पुरेत. २७ वजा केले तर ६,४८,६२१, आणि ६ + ४ + ८ + ६ + २ + १ = २७. सापडली. बाकी पाच जुळत नाहीत. तेव्हा स्वयंभू नाही, पण जन्मदात्री एकच आहे.

*उतरता-चढता क्रम.* चार अंकांसाठी ६१७४ प्रसिद्ध आहे: अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा तेच करा. चारही अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ वर येऊन थांबता. सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही. आपली गाडी ८८६६४४ − ४४६६८८ = ४३९९५६ अशी सुटते, मग ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि ४२०८७६. यापुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांच्या फेऱ्यात अडकली. हाताने करताना आघाडीचं शून्य गाळू नका. ८५१७४२ च्या आधीची वजाबाकी ८७६४२० − ०२४६७८ अशीच लिहायची, नाहीतर पुढचं सगळं बिघडतं.

पायरी ६ : कापरेकर संख्या, आणि त्यामागचं कारण

संख्येचा वर्ग करा, त्याचे डावा-उजवा असे दोन तुकडे पाडा, बेरीज करा. मूळ संख्या परत आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

६,४८,६४८ चा वर्ग बारा अंकी आहे, आठ अंकी टेबल कॅल्क्युलेटरवर मावत नाही. म्हणून तोडून करा: ६४८ चा वर्ग ४,१९,९०४ आणि १००१ चा वर्ग १०,०२,००१. दुसऱ्याने गुणणं म्हणजे तीच संख्या दहा लाख पट, अधिक दोन हजार पट, अधिक एकदा:

४१९९०४०००००० + ८३९८०८००० + ४१९९०४ = ४२०७४४२२७९०४

आता मध्ये रेघ: ४२०७४४ | २२७९०४. बेरीज करा. ६४८६४८.

इथे थांबून टाळ्या वाजवणं सोपं आहे, पण कारण शोधलं तर मजा दुप्पट होते. वहीत गोल केलेला ३७ आता काढा.

९,९९,९९९ चे अवयव करा: ३ × ३ × ३ × ७ × ११ × १३ × ३७. आपल्या संख्येत ३ चारदा आहे, ७, ११, १३ आहेत. नाही तो फक्त ३७. आणि तो नेमका शेजारच्या ६,४८,६४७ मध्ये आहे. म्हणून ६,४८,६४८ × ६,४८,६४७ या गुणाकाराला ९,९९,९९९ ने पूर्ण भाग जातो, आणि भागाकार येतो ४,२०,७४४. हाच तो डावा तुकडा!

का, ते दोन ओळींत. संख्येचा वर्ग वजा संख्या = ४२०७४४ × ९९९९९९. उजवीकडे ९९९९९९ च्या जागी १०००००० वजा १ लिहिलं आणि पदं हलवली की वर्ग = ४२०७४४ × १०००००० + (६४८६४८ − ४२०७४४). दहा लाखाने गुणलेला भाग डावीकडे बसला, कंसातला सहा अंकांत मावतो म्हणून उजवीकडे बसला. दोघांची बेरीज दुसरं काही होऊच शकत नाही.

म्हणजे वरवर अंकांची जादू वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात ९,९९,९९९ चे अवयव संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्यात वाटले गेल्याची आहे. दहाचा पाया येतो तो फक्त ९,९९,९९९ च्या रूपाने. हर्षदपेक्षा हा गुण मला जास्त वजनाचा वाटतो, तो यामुळेच.

याच कारणामुळे जोडीदारही फुकट मिळतो. दहा लाखातून वजा करा: ३,५१,३५२. तिचे अवयव २ × २ × २ × ३७ × ११८७, आणि तिच्या आधीची ३,५१,३५१ म्हणजे ३५१ × १००१, ज्यात ३, ७, ११, १३ सगळे आले. वाटणी उलटी झाली. वर्ग १२३४४८२२७९०४, तुकडे १२३४४८ आणि २२७९०४, बेरीज ३,५१,३५२. उजवा तुकडा दोघींचा एकच आहे, हे डोळ्यांनी ताडून बघा.

आपण काढलेलं बरोबर आहे का, हे पूर्णांकांच्या क्रमिकांच्या ऑनलाइन कोशात पडताळता येतं. नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवलेला हा संग्रह आता सर्वांना खुला आहे, आणि कापरेकर संख्यांची यादी तिथे ए००६८८६ या क्रमांकावर आहे. मात्र आधी स्वतः करा, मग तिथे जा.

सरावासाठी ८,५१,८५१ घ्या. तीही अबकअबक, तेव्हा ७, ११, १३ आयतेच मिळाले. ८५१ फोडलं की २३ आणि ३७ निघतात. विषम आहे आणि अंकांची बेरीज २८, म्हणून हर्षद नाही. ९,९९,९९९ च्या अवयवांपैकी तिच्याकडे नाहीत ते तीन ३. ते ८,५१,८५० मध्ये आहेत का ते बघा, मग वर्ग करा.